ती, म्हणजे गाठ

घाटंजीला मी मंगळवारी असते.
बाकावर रांगेनं पोटुशा,
प्रत्येकीच्या मांडीवर एक पिशवी
आणि पिशवीत जुने रिपोर्ट.

प्रणिता सोयाम. वय तेवीस, आठवडे चौतीस.
वेचणी अर्धी टाकून आली होती,
वेणीत कापसाचा एक तंतू अडकलेला.
जेल लावलं तर म्हणाली, थंड हाय जी,
आणि हसली.

डोकं. मणका. हृदयाचे चार कप्पे,
चारी आपापल्या कामात.
मूत्रपिंडं दोन्ही.
मग खाली, डाव्या कुशीत,
काळं, गोल,
काठावर उभं राहून विहिरीत डोकवावं तसं.

आधी मूत्राशय शोधलं. ते वेगळं होतं.
वाट पाहिली. लाइट गेली, इन्व्हर्टरवर आली.
बाळ शू करून मोकळं झालं,
मूत्राशय रिकामं,
विहीर मात्र तशीच भरलेली.
आतडी तिला वळसा घालून सरकत होती.
बेचाळीस मिलिमीटर.
आणि आतल्या काठाला टेकलेलं एक छोटं वर्तुळ,
पाण्यात सोडलेल्या घागरीसारखं.

या छोट्या वर्तुळाला पुस्तकात नाव आहे,
परक्या भाषेतलं, पण अर्थ साधाच: लेक.
गाठीच्या पोटातली लेक.
ती दिसली की गाठ कुठून उगवली ते कळतं,
आणि ते सांगितलं की
भिंतीवरच्या पाटीत जे
'येथे केले जात नाही',
ते केलेलं असतं.

प्रत्येक फॉर्मवर मी सही करते
की मी सांगितलेलं नाही,
शब्दानं नाही, खुणेनं नाही.
चौतीस आठवड्यांना आता कोण काय करणार,
असं मनात आलं. येतंच.
पण कुलूप आठवडे मोजत नाही.

सासू, यमुनाबाई, कोपऱ्यात उभी,
काढलेल्या चपला हातातच धरून.
"का दिसते वो बाई? एवढा येळ काऊन लागते?"
बाळाच्या पोटात पाण्याची गाठ आहे.
"कायची?"
पाण्याची.
"कुठून आली पन?"
सांगता येत नाही, मी म्हणाले,
आणि हे अक्षरशः खरं होतं.

बरं की आपल्या भाषेत बाळ 'ते' असतं.
सतरा वर्षं मी त्या 'ते'च्या आडोशाला बसून आहे:
ते हलतंय, ते अंगठा चोखतंय,
त्याचे ठोके एकशे चाळीस.
पण गाठ 'ती'.
ती बहुतेक आपोआप विरते, मी म्हणाले.
तिला पीळ पडू नये म्हणून
दर पंधरवड्याला बघू.
बाळंतपण यवतमाळला करा, तिथे सर्जन आहेत.
घाबरू नका, ती
"ती कोन?" यमुनाबाईनं विचारलं.
गाठ, मावशी. गाठ.

प्रणिता छताकडे पाहत होती.
पोटावरचं जेल तिनं स्वतःच पुसलं, हळू,
आतल्याला लागू नये तसं.
मी रिपोर्टवर लिहिलं:
उगम, प्रसूतीनंतर ठरवावा.

मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा ती परत आली.
कुंचीतलं बाळ, पंख्याकडे टक लावून.
या पोटाला माझी एक बोटभर जेल पुरली.
चौदा मिलिमीटर. विहीर आकसत चाललेली.
मी पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं, डावं अंडाशय,
आणि पेन कागदात रुतलं.

"मले तवाच समजलं होतं," प्रणिता म्हणाली.
कसं? मी तर काहीच बोलले नव्हते.
"नाई जी, तुमी काईच नाई सांगतलं.
पन गाठीले कोनी एवढ्या मायेनं
ती म्हनते काय?"

त्या गेल्यावर मी कपाट उघडून
जानेवारीचा फॉर्म काढला.
सही माझीच होती.
अक्षर सरळ.